शेजारच्या सीटचा ब्रेक

पट्टा लावा.

“पट्टा लावा,” ती म्हणाली आणि मग तिने शेजारी पाहिलं. सीट रिकामी होती.

मागे बसलेल्या इंजिनियरने खोकल्याचं निमित्त करून हसू गिळलं. ती मुळीच ओशाळली नाही. हे वाक्य म्हटल्याशिवाय तिच्या परीक्षेतली एकही गाडी आजवर जागची हलली नव्हती, आणि ही गाडी कितीही शहाणी असली तरी तिच्यासाठी वेगळा रिवाज सुरू करायचं कारण नव्हतं.

“मॅडम, तिथे पट्टा लावायला माणूसच नाही.”

“तुम्ही तरी लावलाय का?”

इंजिनियरने घाईघाईने खांद्यावरून पट्टा ओढला. खट् असा आवाज झाला. तिने मांडीवरच्या पॅडवर एक खूण केली.

“मार्क कापले?”

“गाडीचे नाही. तुमचे.”

लायसन्स परीक्षेच्या मैदानावर तिला पाठीमागे ‘नापासबाई’ म्हणत. ते आपल्याला ठाऊक नाही असं ती दाखवायची, कारण नाव तिला आवडायचं. गाडीलाही मैदानावरच्या लोकांनी नाव ठेवलं होतं, ‘गरीब गाय’. सरावाच्या फेऱ्यांत ती येईल त्याला वाट देत होती. एकदा वाऱ्यावर उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसाठीसुद्धा ती अदबीने थांबली होती, आणि टपरीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

या गायीला स्टिअरिंग नव्हतं. जिथे स्टिअरिंग असायचं तिथे गुळगुळीत फळी, आणि जिथे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर असायचे तिथे नुसतं राखाडी कार्पेट, एखाद्या दिवाणखान्यात असावं तसं. अख्ख्या गाडीत पायाने दाबायची एकच वस्तू होती. ती तिच्या पायाशी होती. परीक्षेपुरता बसवलेला ब्रेक. गाडी पास झाली की तो काढून टाकायचा, असं ठरलं होतं. नापास झाली तर गाडीच परत जाणार होती.


निघा.

निघाली.

मैदानातला आठाचा आकडा, चढावर थांबून पुन्हा सुटणं, दोन खांबांच्या मधल्या जागेत मागे शिरणं, सगळं झालं. मग शहर. बाजाराच्या रस्त्यावर हातगाड्या, सायकली, फोनवर बोलत बोलत आडवे जाणारे लोक. नापासबाई डोळ्यांत तेल घालून बघत होती. बोट ठेवायला जागा सापडेना. याचा तिला राग यायला हवा होता, निदान तशी तिची कीर्ती तरी होती. पण आरशात न बघता निघणाऱ्या, सिग्नल पिवळा झाला की चेव चढणाऱ्या, “मॅडम, एवढ्या वेळी सोडा” म्हणणाऱ्या माणसांशेजारी बसून तिची अर्धी हयात गेली होती. न सांगता चारी बाजू बघणारा चालक तिला आज पहिल्यांदा भेटत होता. एखाद्या शिक्षिकेला हुशार मूल मिळावं तशी ती आतून खूश होती आणि चेहरा तेवढाच कडक ठेवून होती.

“कशी वाटते?” इंजिनियरने न राहवून विचारलं.

“परीक्षा चालू असताना पालकांनी बोलायचं नसतं.”

आता फक्त शेवटची फेरी राहिली होती. घाटाची. आणि तिचा नियम असा होता की त्या फेरीत एक साधा प्रवासी हवा. ज्याला गाडी चालवता येत नाही, किंवा ज्याला ती चालवू दिली जात नाही असा. गाडी शेवटी अशाच माणसांसाठी होती. त्यासाठी एक अंध संगीतशिक्षिका येणार होत्या. सकाळीच त्यांचा निरोप आला, ताप आहे. तारीख पुढे गेली असती तर पावसाळाभर घाट बंद, म्हणजे गाडीचं वर्ष गेलं असतं. तिने साहेबांना फोन लावला.

“तुमच्या ओळखीत कोणी आहे का?” साहेबांनी विचारलं.

“माझे वडील आहेत. गेल्या वर्षी त्यांचं लायसन्स काढून घेतलंय.”

“कोणी काढून घेतलं?”

“मी.”

“वडील म्हणजे पक्षपात झाला असं लोक म्हणतील.”

“म्हणू देत. ते गाडीला नापासच करतील.”


थांबा.

घराच्या फाटकाजवळ तिचे वडील, अण्णा, आधीच उभे होते. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली. त्यांनी चाक आणि फुटपाथ यांच्यामधली फट वाकून पाहिली. काही बोलले नाहीत, म्हणजे फट बरोबर होती.

“बसा, अण्णा.”

“कुठे बसायची आज्ञा आहे, साहेब?”

“पुढे. माझ्या शेजारी.”

दार उघडल्यावर अण्णा थबकले. आपण ड्रायव्हरच्या जागेवर बसतोय हे त्यांच्या लक्षात आलं. बसले. दोन्ही हात आपोआप पुढे गेले, तिथे काहीच नव्हतं, मग ते हात त्यांनी गुडघ्यांवर ठेवले, दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेल्यासारखे.

“पट्टा लावा,” ती म्हणाली.

“लावतो, साहेब.”


मागे घ्या.

आता इथे गाडी थोडी मागे घेतली पाहिजे, नाहीतर हे ‘साहेब’ प्रकरण काय आहे ते कळायचं नाही.

अण्णांनी आयुष्यभर घाटातली बस चालवली. घाट म्हणजे त्यांच्या घरचं अंगणच होतं, आणि दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते कधी, म्हणजे कधीच, झोपले नाहीत. सहलीच्या बसमध्ये सगळं घर एकमेकांच्या खांद्यावर घोरायचं, हे ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे. अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हा स्ट्रेचरवर आडवे पडून ते अँब्युलन्सवाल्याला ओरडत होते, “दुसरा गिअर टाक! अरे, दुसरा टाक, इंजिन रडतंय!” मुलीच्या गाडीतही तेच. शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणाआधी जमीन दाबायचा. तिच्या गाडीत त्या सीटपुढच्या रबरी मॅटला बरोबर ब्रेकच्या जागी भोक पडलं. तिने मॅट बदलली. नव्या मॅटलाही तिथेच भोक पडलं. तिसरी तिने आणलीच नाही.

ती परीक्षक झाली तेव्हा अण्णांनी तिला एक डाव शिकवला होता.

“हाकता सगळ्यांनाच येते. नाही म्हणता येतं का, तेवढं बघ. घाटात वरच्या आंधळ्या वळणावर संथ गाडीच्या मागे लागलात, की सांगायचं, पुढे काढा. मोठ्या आवाजात, साहेबी थाटात. जो म्हणेल, बाई मला पलीकडचं दिसत नाही, त्याला डोळे मिटून पास कर. जो तुझं ऐकेल, त्याला घरी पाठव.”

तेव्हापासून हा डाव तिचा झाला. परीक्षेच्या दिवशी एक ट्रॅक्टर लाकडं भरून त्या वळणापाशी रेंगाळत ठेवलेला असायचा. त्या एका हुकमावर तिने किती जणांना घरी पाठवलं, त्याची गणती तिने ठेवली नव्हती. निम्मा गाव म्हणा.

मग अण्णांचं वय झालं. वयानुसार पुन्हा परीक्षा द्यायची वेळ आली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कडेचं थोडं धूसर दिसतं, पण चालवून बघा. दुसऱ्या परीक्षकाकडे जा म्हणून ती पाठीस लागली. अण्णा ऐकेनात. “दुसऱ्याने पास केलं तर लोक म्हणतील, पोरीच्या वशिल्याने केलं. तूच घे.”

तिने घेतली. सगळं झालं. घाट आला, वळण आलं, पुढे ट्रॅक्टर.

“पुढे काढा,” ती म्हणाली.

आणि अण्णांनी काढली.

पलीकडून दुधाची गाडी येत होती. तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. दोन्ही गाड्यांची नाकं एकमेकांसमोर येऊन उभी राहिली, आणि दूधवाला खाली उतरून काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

“अण्णा, डाव तुमचाच होता,” ती म्हणाली. तिचा पाय अजून ब्रेकवरच होता.

“माझाच होता. पण माझ्यावर टाकशील असं वाटलं नाही.” अण्णा काचेतून समोर बघत होते. “मला धूसर दिसत होतं. म्हटलं, तू म्हणालीस म्हणजे मोकळं असणार. तुझे डोळे बरे.”

तिने त्यांना नापास केलं. दुसऱ्या कोणालाही केलं असतं तसंच, त्याच शाईने. त्या दिवसापासून ते तिला साहेब म्हणू लागले. भांडले नाहीत, अबोला धरला नाही. चहा झाला का, साहेब? लाईटवाला येऊन गेला, साहेब. बस्स.

आणि एक गोष्ट ते बोलेनासे झाले. घाटापलीकडच्या गावात त्यांची थोरली बहीण राहायची, एकटी. अण्णा दर आठवड्याला तिच्याकडे जात, दोघं पत्ते खेळत, आक्का उघड उघड लबाडी करी, हे चिडून घरी येत आणि पुढच्या आठवड्याची वाट बघत. घाटातली बस केव्हाच बंद पडली होती. आता लेकीला सुट्टी असेल तेव्हाच जायचं. पण ‘नेतेस का’ असं त्यांनी कधी विचारलं नाही. सुट्टीच्या सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्र धरून ते बाहेरच्या खोलीत बसायचे. तिला काम निघालं तर वर्तमानपत्र घडी करून ठेवायचे आणि शर्ट बदलायचे. तिला तो शर्ट बदलताना हँगरचा होणारा आवाज आतल्या खोलीत ऐकू यायचा.

झाली गाडी मागे घेऊन. चला.


निघा.

घाट सुरू झाला तशी अण्णांची परीक्षाही सुरू झाली.

“वळण आतून घेते.”

“आतून नाही, मधून घेते,” इंजिनियर म्हणाला. “तिने मोजलंय.”

“मोजून घाट चढतात होय! हॉर्न का देत नाही?”

“समोरून येणारी गाडी तिला आधीच कळते, आजोबा.”

“समोरून म्हैस आली तर?”

“तीही दिसते.”

“तिला दिसेल हो. म्हशीला कळायला नको का, आपण येतोय म्हणून? हॉर्न काय स्वतःसाठी देतात?”

इंजिनियर वही शोधू लागला, मग फोनमध्येच काहीतरी टिपू लागला. “म्हशीशी आमचं अजून बोलणं झालेलं नाही,” तो पुटपुटला.

ती खिडकीकडे तोंड करून हसली. तिचा पाय ब्रेकवर होता. दाबत नव्हती, नुसता ठेवला होता, पण पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती. शेजारी कार्पेटवर अण्णांचा पॉलिश केलेला बूट आपलं काम चोख करत होता. वळण दिसलं की टाच टेकायची, चवडा खाली जायचा, मग गाडीचा वेग उतरायचा. अण्णा आधी, गाडी नंतर. पण फार नंतर नाही. एका श्वासाचं अंतर असेल.

“ही इथे चालवून काय मिळणार तुम्हाला?” अण्णांनी विचारलं. “या रस्त्याला कोण येतं आता?”

“म्हणून तर. पास झाली तर पहिली सेवा याच घाटात. खालच्या चौकापासून पलीकडच्या गावापर्यंत. जिथे बस परवडत नाही तिथे ही धावणार. दिवसभर.”

अण्णांचा बूट थांबला.

“पलीकडच्या गावात कुठपर्यंत?”

“शाळेमागच्या चौकापर्यंत.”

“हात केला की थांबते?”

“फोनवरून बोलवायची.”

“ज्याला फोनचं जमत नाही त्याने?”

“थांब्यावर घंटा असेल. दाबली की येईल.”

“आणि लायसन्स?”

इंजिनियरला प्रश्न कळला नाही. “कोणाचं? बसायला कुठे लायसन्स लागतं?”

अण्णा दरीकडे बघत राहिले. शाळेमागच्या चौकापासून आक्काचं दार चार पावलांवर होतं, हे गाडीत फक्त दोघांना माहीत होतं.


आरसे बघा.

थोड्या वेळाने इंजिनियर पुढे झुकला आणि तिच्या कानाशी आनंदाने कुजबुजला.

“मॅडम! झोपले!”

तिने मधल्या आरशात पाहिलं. अण्णांचे डोळे मिटलेले होते. हात गुडघ्यांवर, मान ताठ, ओठ बंद. एखाद्या देखण्या पुतळ्यासारखे ते झोपले होते.

क्षणभर तिला ते खरंच वाटलं. मग तिने आरसा सोडून खाली पाहिलं.

वळण आलं. बुटाची टाच टेकली. चवडा खाली गेला.

पुढचं वळण. टाच, चवडा.

तिने ओठ घट्ट मिटून घेतले, नाहीतर मोठ्याने हसली असती. हा माणूस खरा झोपला की कसा झोपतो ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तोंड उघडं, एक हात छातीवर, आणि थंडीत सुरू न होणाऱ्या जुन्या इंजिनासारखं घोरणं. हे सोंग होतं. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाचं सोंग, त्यामुळे अगदीच कच्चं. गाडीला पास करायला ते झोपले होते. तोंडाने ‘मला हवी आहे’ म्हणणं त्यांना जमलं नसतं, तेव्हा त्यांनी आपली सगळ्यात मोठी गोष्ट पणाला लावली होती. डेपोतल्या जुन्या लोकांना सांगितलं असतं की अण्णा दुसऱ्याच्या गाडीत झोपले, तर त्यांनी गाडी बघायच्या आधीच तिला सलाम ठोकला असता.

हसू ओसरलं तसं तिला पॅड आठवलं. शेवटच्या फेरीत एक रकाना होता. प्रवासी निर्धास्त होता का? हो किंवा नाही.

हो लिहिलं तर ते खोटं. नाही लिहिलं तर गाडीची चूक काय? सोंग घेतलेल्या म्हाताऱ्यामुळे तिने नापास का व्हावं? आणि तो म्हातारा पुन्हा सुट्टीच्या सकाळी वर्तमानपत्र घेऊन का बसावा? पण हिशेब असा मांडायला लागलं की आपण परीक्षक राहत नाही, लेक होतो, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. तिने रकाना कोरा ठेवला आणि पेन खिशात टाकलं. तिला घाई नव्हती. वळण अजून यायचं होतं.


पुढे काढा.

ट्रॅक्टर नेहमीच्या जागी होता. लाकडांचा ढीग डुलत डुलत चालला होता. गाडीने वेग उतरवला आणि बेताचं अंतर ठेवून त्याच्या मागे लागली. डाव्या हाताला कडा, उजवीकडे दरी, समोर रस्ता कड्याआड वळून नाहीसा होत होता.

तिने घसा साफ केला. अण्णांच्या पापण्या हलल्या. त्यांनाही ट्रॅक्टरचा आवाज आला होता. पुढचं वाक्य कोणतं ते त्यांना माहीत होतं, ते वाक्य त्यांचंच होतं.

“पुढे काढा,” ती म्हणाली. मोठ्या आवाजात, साहेबी थाटात.

अण्णांचा बूट कार्पेटमध्ये रुतला. गुडघा ताठ झाला. डोळे मिटलेलेच.

“पलीकडचं दिसत नाही,” गाडी म्हणाली. आवाज बाईचा होता, शांत, किंचित बसलेला. “मागेच राहते.”

“मी परीक्षक आहे. मी सांगते आहे. पुढे काढा.”

“ऐकलं. पण मला दिसत नाही.”

मागे बसलेल्या इंजिनियरला हा डाव माहीत नव्हता. गाडी परीक्षकाला उलट बोलली एवढंच त्याला कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. “मॅडम, ती तशी उद्धट नाही…”

“गप्प बसा हो.”

गाडी ट्रॅक्टरच्या मागे चालत राहिली. लाकडांचा ओला वास आत येत होता. वळण संथपणे उलगडत गेलं आणि पलीकडचा रस्ता दिसला. रिकामा. दुधाची गाडी नाही, सायकल नाही, कुत्रंसुद्धा नाही. पुढे काढली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

अण्णांनी एक डोळा किलकिला केला. तो रिकामा रस्ता त्यांनी पाहून घेतला, त्यांना दिसला तेवढा. डोळा पुन्हा मिटला.

“तरी बरोबर,” ते म्हणाले.

इंजिनियर दचकला. “झोपेत बोलतात का?”

“हो,” ती म्हणाली. “सवय आहे त्यांना.”


पाय बघा.

(अशी आज्ञा परीक्षेत नसते. ही तिने स्वतःलाच दिली.)

ट्रॅक्टर बाजूला झाला, गाडी पुढे निघाली. पुढचं वळण आलं. टाच टेकली, चवडा खाली गेला, पण पूर्वीसारखा नाही. सलामाला हात कपाळापर्यंत न नेता नुसता हलवावा, तसा.

त्याच्या पुढच्या वळणाला टाचच टेकली.

त्याच्या पुढच्याला बूट जागचा हलला, की गाडीच्या हिसक्याने हलला, ते तिला सांगता आलं नसतं. गाडीला तर हिसका नव्हता.

मग एक लांब वळण आलं, चढाचं, जिथे अण्णा बसमध्ये दुसरा गिअर टाकून दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत आणि मागच्या लोकांना ‘धरून बसा’ म्हणत. ती बुटाकडे बघत राहिली. बूट एका कडेवर कलंडला होता. पॉलिशवर ऊन पडलं होतं. वळण संपलं तरी तो तसाच होता, कोणीतरी दारात काढून ठेवल्यासारखा.

तिने हळूच वर पाहिलं. मान ताठ नव्हती. ती तिच्या बाजूला कलली होती, आणि तोंड अर्धवट उघडं होतं. एक हात गुडघ्यावरून सरकत सरकत छातीवर येऊन थांबला होता. मग ते जुनं इंजिन एकदा गुरगुरलं, बंद पडलं, पुन्हा गुरगुरलं आणि सुरू झालं.

“मघाशी आवाज नव्हता,” इंजिनियर हळू आवाजात म्हणाला. “काही त्रास होतोय का त्यांना?”

“नाही,” ती म्हणाली. “काही त्रास नाही.”

तिला एकदम तो अँब्युलन्सवाला आठवला, भर रहदारीत घामाघूम होऊन दुसरा गिअर शोधणारा. त्याला हे दाखवायला हवं होतं.


थांबा.

घाटमाथ्यावर पांढऱ्या रंगाने पट्टा मारलेला होता. परीक्षा तिथे संपायची. गाडी पट्ट्याच्या अलीकडे उभी राहिली. हिसका नाही, आवाज नाही. अण्णा घोरत होते. समोर घाटाची दुसरी बाजू पसरली होती, खाली पलीकडच्या गावाची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती, आणि त्यांतलं शाळेचं छप्पर सगळ्यांत लांबलचक.

इंजिनियर तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या हातातला फोन घामाने ओलाचिंब झाला होता.

तिने पेन काढलं. कोरा ठेवलेला रकाना भरला. ‘हो’ लिहिलं, आणि आता ते खोटं नव्हतं. मग सही करण्यासाठी तिने पॅड गुडघ्यावर सरळ केलं, तेव्हा पॅड थरथरलं. तिने खाली वाकून पाहिलं. तिचा पाय अजून ब्रेकवर होता. सकाळपासून तिथेच होता. गाडी उभी होती, परीक्षा संपली होती, आणि पोटरी तशीच दगडासारखी. आपण ज्या गाड्यांत शेजारी बसतो त्यांतली आपल्या बाजूची मॅटही एकदा तपासून पाहिली पाहिजे, असं तिच्या मनात आलं.

तिने सही केली आणि पॅड मागे दिलं. इंजिनियरने वाचलं. पुन्हा वाचलं. तो काहीतरी ओरडणार तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

“तुमच्या परवानगीत हा रस्ता कुठपर्यंत आहे?” तिने हळूच विचारलं.

“खाली गावापर्यंत आहे. पण मॅडम, परीक्षा तर इथेच…”

“परीक्षा झाली. मी आता परीक्षक नाही.” तिने पट्टा जरा सैल केला, काढला नाही. मग समोरच्या फळीकडे बघून, कशी हाक मारायची ते न कळल्यामुळे नुसतंच म्हणाली, “अगं, शाळेमागच्या चौकात सोड. सावकाश जा. त्यांना उठवायचं नाही.”

“निघते,” गाडी म्हणाली. आवाज तिने खरंच लहान केला होता.

उतार सुरू झाला. तिने चपला काढल्या, दोन्ही पाय ब्रेकपासून उचलले आणि सीटवर घेऊन मांडी घातली. लहानपणी घाटातल्या बसमध्ये अण्णांच्या मागच्या सीटवर ती अशीच बसायची. मागे इंजिनियर कोणाला तरी बारीक आवाजात फोनवर सांगत होता, आणि मध्येच थांबून विचारत होता, मॅडम, म्हशीचं काय करायचं म्हणता? आक्का दारात उभी राहून काय म्हणेल, पत्ते कोणत्या फडताळात असतील, असलंच काहीबाही तिच्या डोक्यात चाललं होतं.

उताराचं पहिलं वळण आलं. वळण होतं हे ते मागे पडल्यावरच तिच्या लक्षात आलं; तिचा पाय हललाच नव्हता.